साका पांढराच राहिला तेव्हा

पत्र:

‘ताई, मी टीवाय बीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला, नदीच्या अंगाला राहतो. २५ जुलै २०२४ ला आमच्या सोसायटीत पाणी शिरलं. आम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणून वाचलो. पण पार्किंगमधल्या गाड्या गेल्या आणि वॉचमनकाकांच्या खोलीतलं सगळं भिजलं, त्यांच्या मुलीची दहावीची पुस्तकंसुद्धा. भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते. आजी पानशेतच्या पुराच्या वेळी नऊ वर्षांची होती, नारायण पेठेत. ती ती रेघ बघते आणि गप्प होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात नदीच बसली आहे. मला एमएस्सी पर्यावरणशास्त्रात करायचंय. बाबा म्हणतात, ऑरगॅनिक केमिस्ट्री घे, औषध कंपनीत लगेच चिकटशील. झाडं लावायला डिग्री लागत नाही. कॉलेजातल्या एका सरांना विचारलं, की प्रोजेक्टमध्ये पाण्याच्या तपासणीबरोबर काठावरच्या लोकांशी बोलू का? ते म्हणाले, ते सोशलवाल्यांचं काम, आपण सायन्सवाले. माझी मैत्रीण एमए समाजशास्त्राला चालली आहे. ती म्हणते, नदीचा प्रश्न राजकारणाचा आहे, तुझ्या टेस्टट्यूबने काय होणार? मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो. मी नक्की कुठे जाऊ? नाव छापू नका, बाबा तुमचं सदर वाचतात.’

उत्तर:

नाव छापत नाही. पण बाबा वाचतात हे सांगितलंस ते बरं केलंस. थोडं त्यांच्याशीही बोलायचं आहे.

आधी उत्तर सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. एमएस्सी पर्यावरणशास्त्रालाच जा, आणि तुझी केमिस्ट्री सोबत घेऊन जा. समाजशास्त्राकडे उडी मारू नकोस. आणि सरांनी नको म्हटलेलं काम, काठावरच्या लोकांशी बोलण्याचं, ते एमएस्सीपर्यंत थांबवू नकोस. याच वर्षीच्या प्रोजेक्टमध्ये कर.

असं का म्हणते, ते सांगायला मला माझ्या एमएस्सीच्या दिवसांत जावं लागेल.

माझ्याकडे मुळा-मुठेच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं काम होतं. खडकवासल्यापासून निघायचं, मग विठ्ठलवाडी, ओंकारेश्वर, संगम, बंडगार्डन करत मांजरी गावाच्या पुढपर्यंत. विंकलरची पद्धत तुला पाठ असेल, बाबांसाठी सांगते. ३०० मिलीची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून दोन मिली मँगनीज सल्फेट सोडायचं, त्यावर दोन मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली उलटीपालटी केली की साका, म्हणजे खाली बसणारा गाळ, धरतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो. जितका जास्त ऑक्सिजन, तितका गडद. ऑक्सिजन नसेलच, तर साका पांढरा राहतो, फुटलेल्या दुधासारखा. पुढचं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून नेमका आकडा काढणं, ते प्रयोगशाळेत, पण नदीची तब्येत तिथे काठावरच, बाटलीच्या रंगात कळते. खडकवासल्याच्या बाटलीत काकवीचा रंग यायचा. शहर ओलांडून खाली जावं तसा तो फिका होत जायचा.

कॉलेजची गाडी सकाळी दहाला निघायची. ठिकठिकाणी थांबत मांजरीला पोचायला बारा-साडेबारा व्हायचे. चार महिने माझ्या वहीत तिथले आकडे लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आगेमागे येत राहिले. वाईट, पण नदीत अजून धुगधुगी आहे असं सांगणारे. मी त्यांचा आलेखही काढून ठेवला होता.

तिथे काठावर एक भोई काका जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे. आम्ही बाटल्या भरायचो, ते बघायचे. कधी कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं, मीही नाही. एके दिवशी त्यांनीच विचारलं, ‘बाई, बाटलीत काय बघता?’ मी म्हटलं, पाण्यातली हवा मोजते, माशाला पुरते का ते. ते म्हणाले, ‘मग जेवायच्या वेळेला येऊन काय कळणार? मासा पहाटे तोंड वर काढतो. तेव्हा या.’

डिसेंबर होता. मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर बाटल्यांचा खोका धरून, पहाटे पाचला आम्ही तिथे पोचलो. पाण्यावरून वाफ निघत होती. काकांनी बॅटरीचा झोत पाण्यावर टाकला. चिलापीची शेकडो तोंडं पाण्याच्या कडेला लागली होती, उघडत होती, मिटत होती. चिलापी हा मासा काटक. बाकीचे मासे जिथे तग धरत नाहीत, तिथे तो राहतो. तोसुद्धा हवेसाठी वर आला होता. मी बाटली भरली, दोन्ही रसायनं सोडली, बूच लावून हलवली. साका पांढराच राहिला. दुसरी भरली. तिसरी भरली. पांढराच.

कारण अवघड नाही. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री ते सोडणं थांबतं, आणि शेवाळ स्वतःच श्वासासाठी ऑक्सिजन घेत राहतं. मैलापाण्यावर वाढणारे जिवाणू तर चोवीस तास ऑक्सिजन खातच असतात. त्यामुळे सूर्य उगवण्याच्या जरा आधी पातळी सगळ्यांत खाली जाते. हे पुस्तकात होतं. मी परीक्षेत लिहून त्याचे मार्कही मिळवले होते. पण नदीवर केव्हा जायचं, ते कॉलेजच्या गाडीने ठरवलं होतं. काकांना हा कार्यकारणभाव ठाऊक नव्हता; त्यांना वेळ ठाऊक होती, कारण नदी त्यांना रोज दिसत होती आणि मला पंधरा दिवसांतून एकदा.

माझे चार महिन्यांचे आकडे खोटे नव्हते. प्रत्येक टायट्रेशन मी नीट केलं होतं. तरी त्या आकड्यांतून निघणारं चित्र चुकीचं होतं. सरांना सांग, आपण काठावरच्या माणसाशी बोलतो ते अहवालाला माणुसकीची झालर लावायला म्हणून नाही. बाटली कुठे आणि केव्हा बुडवायची, ते त्या बोलण्यातून ठरतं. सॅम्पलिंगचा आराखडा हा विज्ञानाचाच भाग आहे, आणि तो आराखडा नीट करायचा तर नदीबरोबर राहणाऱ्यांना विचारावं लागतं.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग; हा तुझ्या मैत्रिणीला वाचून दाखव. काही वर्षांनी त्या पट्ट्यातल्या सांडपाण्यावर एक बैठक झाली. मी गेले होते, काकाही आले होते. त्यांनी उभं राहून तेच सांगितलं, पहाटे मासा तोंड वर काढतो. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली. मग मी माझं कोष्टक पुढे ठेवलं, पहाटेचे आणि दुपारचे आकडे शेजारीशेजारी. बैठकीचं इतिवृत्त हातात आलं तेव्हा त्यात कोष्टक होतं आणि काकांचं नावही नव्हतं. मला त्या दिवशी आनंद झाला नाही, अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. पण एक गोष्ट पक्की कळली. कागदावर मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं कुणाला सहज खोडता येत नाही. राजकारण करायचं म्हटलं तरी तो आकडा कुणाला तरी काढावाच लागतो, आणि तो नीट काढणारी माणसं काठावरच्या लोकांच्या बाजूला फार थोडी आहेत. तुझ्या टेस्टट्यूबने काय होणार, याचं उत्तर ते आहे.

मैत्रिणीला नायगावचीही गोष्ट सांग. पुरंदर तालुक्यातलं हे गाव आपल्यापासून लांब नाही. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे तिकडे गेले. पुण्यात कारखाना चालवणारा इंजिनिअर माणूस. तिथे पाणी अडवण्याचे प्रयोग करता करता पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. आता बघ, अर्धा एकर हा आकडा आला कुठून? एका माणसाच्या पोटाला किती लागतं, ओढ्यात किती पाणी अडेल, उसाला किती लागतं आणि ज्वारीला किती, हा सगळा हिशेब त्या अर्ध्या एकरात आहे. आणि ऊस सोडून द्यायला शेतकऱ्याला तयार करणं कुठल्याही सूत्रात बसत नाही. त्यासाठी किती बैठका झाल्या असतील, ते पुरंदरमधल्या माणसालाच विचार. यातलं सायन्स कुठे संपलं आणि सोशल कुठे सुरू झालं, ते मला दाखवता येणार नाही.

आपल्याच गावचे माधव गाडगीळ हार्वर्डमध्ये गणिताच्या अंगाने जीवशास्त्र शिकून परत आले आणि सत्तरच्या दशकात वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, हिंडले. तिथे त्यांनी झाडं नोंदली आणि त्या रायांमागच्या लोकांच्या श्रद्धा आणि रिवाजही नोंदले. ही वाट पुण्यात नवी नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता तुझ्या भिंतीवरच्या रेघेकडे येते. पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि तू ती जाता जाता लिहिलीस.

आपल्याकडे नदीकाठी दोन पूररेषा आखतात, निळी आणि लाल. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. ‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणसाला वाटतं, यंदा आला, आता पुढची २४ वर्षं सुटलो. गणित तसं नाही. दर वर्षी शक्यता ४ टक्के, मागच्या वर्षी आला असो की नसो. आता २० वर्षांचं गृहकर्ज धर. निळ्या रेषेवरच्या घरात त्या २० वर्षांत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. लाल रेषेवरच्या घरात १८ टक्के. ०.९६ चा विसावा घात काढून एकातून वजा कर, पडताळून बघ. आणि हा हिशेब पाऊस पूर्वीसारखाच पडतो, धरणाखालच्या ओढ्यानाल्यांना पूर्वीइतकीच मोकळी जमीन आहे, असं धरून केलेला. सिंहगड रस्त्यावर ती किती उरली आहे, ते तूच बघतेस.

हे झालं जलविज्ञान. पण फ्लॅट विकत घेताना ५६ टक्के हा आकडा कुणी कुणाला सांगतं का? तो नकाशा कुठे बघायला मिळतो, तो कुठल्या भाषेत असतो, तो बघून घर नाकारणं कुणाला परवडतं? पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेला की सगळ्या पुण्याला कळतं, नदीला पाणी आलं. मग मोबाइलवर आकडा फिरतो, खडकवासल्यातून अमुक हजार क्युसेक सोडले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पण एवढे क्युसेक सोडले म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये किती फूट, आणि किती तासांनी? वॉचमनकाकांना त्यांच्या मुलीची पुस्तकं उचलायला किती वेळ मिळेल? त्या फिरणाऱ्या आकड्याला हे विचारता येत नाही. धरणाच्या दारातला क्युसेक आणि खोलीच्या भिंतीवरचा फूट यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे ना, तिथे तुझा अभ्यास आहे. मला विचारशील तर तुझा एमएस्सीचा प्रबंधही तोच आहे.

आणि पुरानंतरचंही बघ. पंचनाम्यात गाड्यांचं नुकसान सहज येतं, त्यांचे कागद असतात, विमा असतो. पार्किंगमधल्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडे आपण तिथे राहतो हे दाखवायला कुठला कागद असतो? मी उत्तर देत नाही. तू जाऊन विचार.

आता शिकायचं कुठे, ते. पुण्यात तुला गाव सोडायची गरज नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. धनकवडीला भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधनाची स्वतंत्र संस्था १९९३ पासून आहे. नोकरी सांभाळून करण्यासारखा अभ्यासक्रम हवा असेल तर प्रकाश गोळे यांनी सुरू केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीचा विचार नंतर कधीतरी कर. माणसांच्या बाजूने जास्त खोल जावंसं वाटलं, तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र आहे. पण नावांवर जाऊ नकोस. अभ्यासक्रमाची पीडीएफ उघड आणि त्यात चार गोष्टी शोध: संख्याशास्त्राचा पूर्ण पेपर आहे का, फील्डवर्क किती दिवसांचं आहे, जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं काम, स्वतःच्या हाताने करायला मिळतं का, आणि पर्यावरण कायदा कोण शिकवतं. फील्डवर्क म्हणजे एक दिवसाची सहल आणि बिस्किटांचे पुडे असेल, तर तिथे जाऊ नकोस. मग त्याच विभागाच्या दोन माजी विद्यार्थ्यांना गाठ आणि विचार, की तुमच्या प्रबंधाचा विषय कुणी ठरवला होता? ‘सरांनी यादी दिली’ असं ऐकलंस, तर जरा थांब.

तुझी केमिस्ट्री तिथे सोन्यासारखी कामाला येईल. पर्यावरणशास्त्राला आलेली कितीतरी मुलं सगळ्यातलं थोडं थोडं शिकून बाहेर पडतात. त्यांना प्रदूषणावर वीस मिनिटं बोलता येतं, पण नायट्रेटचा आकडा संशयास्पद का वाटतो, ते सांगता येत नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या मुलांमध्ये हे मी इतक्या वेळा पाहिलंय की कळकळीने सांगते: एक मोजमाप असं शिक, की त्याच्याबद्दल तुला कुणी फसवू शकणार नाही. पाणी घे, माती घे, हवा घे, पण एक.

आणि लोकांशी बोलणं हेही तितक्याच शिस्तीने शिकावं लागतं. ते गप्पा मारण्याइतकं सोपं नाही. दुपारी वस्तीत गेलीस तर धुणीभांडी करणाऱ्या बायका कामावर असतील आणि तू फक्त घरी असलेल्यांचं ऐकून येशील. म्हणजे कॉलेजच्या गाडीने मला जसं फसवलं, तसंच. ‘पुरामुळे त्रास झाला का?’ असं विचारशील तर सगळे हो म्हणतील आणि तुला काहीच कळणार नाही. ‘पाणी येतंय हे तुम्हाला कुणी सांगितलं, तेव्हा किती वाजले होते, आणि आधी काय उचललंत?’ असं विचार. ‘आधी काय उचललंत’ याच्या उत्तरात माणसाचं सगळं घर उभं राहतं. शब्द जसेच्या तसे लिहून घे. आणि अभ्यास पुरा झाला की तो घेऊन त्या माणसांकडे परत जा. त्यांचं नाव लावायचं की नाही, ते त्यांना विचार. मी काकांना ते विचारलं नव्हतं.

आता बाबांशी बोलते. तुम्ही नोकरीचं म्हणता ते मी मनावर घेतलंय, कारण ते खरं आहे. पर्यावरणशास्त्रात सुरुवातीचा पगार औषध कंपनीपेक्षा बहुधा कमी असतो, आणि पहिली दोन-तीन वर्षं संशोधन प्रकल्पांवर तात्पुरत्या नेमणुका असू शकतात. हे लेकीपासून लपवू नका, मीही लपवत नाही. पण काम नाही, असं म्हणू नका. चाकण, रांजणगाव, कुरकुंभ इथल्या कारखान्यांना सांडपाणी प्रक्रिया चालवणारी, तपासणारी माणसं लागतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण आणि समाजाविषयीचा अहवाल देणं सक्तीचं केलंय. तो लिहायला आकडे समजणारी माणसं लागतात. प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, प्रयोगशाळा आहेत, सल्लागार संस्था आहेत, नेट-सेट करून शिकवणं आहे. आणि रसायनशास्त्राचा पाया पक्का असला, तर तपासणीच्या प्रयोगशाळा औषध कंपन्यांतही असतात. ते दार बंद होत नाही.

झाडं लावायला डिग्री लागत नाही, हे अगदी बरोबर. आपल्या टेकड्यांवर फिरायला जात असाल तर आठवून बघा. भराभर हिरवं दिसावं म्हणून तिथे गिरिपुष्पाची झाडं मोठ्या प्रमाणात लावली गेली. ते मध्य अमेरिकेकडचं झाड. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि काटेरी झुडपांच्या. तिथले पक्षी, किडे, फुलपाखरं त्या गवताशी जुळलेली. झाडं वाढली आणि गवत मागे हटलं. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. कुठे काय लावू नये, हे सांगणारं माणूस त्या वेळी जवळ असायला हवं होतं. तुमची लेक ते माणूस होऊ बघतेय.

तिची नोकरी लागली की तिला एका गोष्टीची मात्र गरज पडेल, आणि ती घरातूनच मिळते. सल्लागार संस्थेत गेली तर प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासणारा अहवाल ती लिहील. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना परवानगीसाठी तो अहवाल द्यावा लागतो, आणि त्याचे पैसे परवानगी मागणाराच देतो. मग कधीतरी कुणीतरी म्हणेल, मॅडम, हा आकडा एवढा खाली आणा ना. त्या संध्याकाळी ती तुम्हाला फोन करेल. तुम्ही काय म्हणाल, ते आत्ताच घरात बोलून ठेवा. पगारापेक्षा ते बोलणं मला जास्त गरजेचं वाटतं.

पुन्हा तुझ्याकडे येते. सरांशी भांडू नकोस. त्यांनी जे शिकवलंय, बाटलीत बुडबुडा राहू न देण्याची सवय, ती आयुष्यभर पुरेल. त्यांच्याकडे विनंती घेऊन जा, की सॅम्पलिंगची वेळ ठरवण्यासाठी काठावरच्या पाच जणांशी बोलते आणि अहवालात ते ‘पद्धत’ या भागात लिहिते. ‘पद्धत’ म्हटलं की बहुतेक नाही म्हणणार नाहीत. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते सुट्टीत शिकून घे. लँडसॅट उपग्रहाची जुनी छायाचित्रं २००८ पासून सगळ्यांना मोफत आहेत. तुमच्या सोसायटीच्या जागी १९९० साली काय होतं, ते एका संध्याकाळी बघून होईल. ती छायाचित्रं भरड आहेत, इमारत दिसणार नाही, पण शेत कुठे संपून सिमेंट कुठे आलं, ते दिसेल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ आपल्या पुण्यातच आहे. त्याचे नद्यांविषयीचे चार-पाच निकाल वाच. पहिला कळायला त्रास होईल, तिसरा सोपा जाईल.

पण त्या सगळ्याच्या आधी ती रेघ मोज. मेझरिंग टेप घे, एक वही, एक पेन्सिल. पार्किंगच्या फरशीपासून रेघेपर्यंत किती सेंटीमीटर, तीन ठिकाणी मोज. मग शेजारच्या सोसायटीत जा, मग किराणावाल्याकडे, मग खालच्या वस्तीत. प्रत्येक ठिकाणी उंची लिही, आणि पाणी आल्याचं कुणाला किती वाजता कळलं, ते लिही. वॉचमनकाकांपासून सुरुवात कर. त्यांच्या मुलीला बरोबर घेता आलं तर घे, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. सोसायट्या दिवाळीच्या आधी रंगाचं काम काढतात आणि रेघ एका दिवसात जाते, म्हणून हा रविवार सोडू नकोस.

मग आजीला नारायण पेठेत घेऊन जा. १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी, पाणी कुठवर आलं होतं, ते तिला हाताने दाखवू दे. टेप तिथेही लाव, आणि ती काय सांगते ते तिच्याच शब्दांत लिहून घे.